कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी?

1926 चा ट्रेड युनियन कायदा शंभरी गाठायला चार महिने उरले असताना, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, रद्द झाला आणि त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तो कशासाठी जन्मला होता हे पाहिले, की या शतकात काय मिळाले आणि काय हुकले ते कळते. संघटना बांधण्याचा हक्क कामगारांना मिळाला. त्या संघटनेशी बोलायचे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक मात्र बहुतेक ठिकाणी मालकाकडेच राहिली. बलाढ्य कंपन्यांशी झालेले अनेक कडवट झगडे पगारापेक्षा या मोकळिकीमुळेच चिघळले, असे माझे मत आहे.

मद्रासच्या पेरंबूर भागात बिनी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्या होत्या. तिथल्या कामगारांसाठी एप्रिल 1918 मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. अध्यक्ष होते ॲनी बेझंट यांचे सहकारी बी. पी. वाडिया. 1920 मध्ये गिरणीत टाळेबंदी झाली, तेव्हा कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेतली. वाडिया कामगारांना नोकरीचा करार मोडायला लावतात, असे म्हणत तिने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. अखेर वाडियांनी युनियनपासून दूर व्हायचे आणि कंपनीने दावा मागे घ्यायचा, अशी तडजोड झाली. मालकाने कामगारांचा पुढारी कामगारांपासून तोडला, आणि तेही कायद्याच्या बळावर. यातला धोका नारायण मल्हार जोशींनी ओळखला. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे हे कार्यकर्ते मुंबईच्या कामगारवस्तीत वर्षानुवर्षे काम करत होते. मार्च 1921 मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात युनियनच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला. त्यातून पाच वर्षांनी कायदा आला. त्याच्या 17 आणि 18 या कलमांनी नोंदणीकृत युनियनला संपासाठी कटाच्या खटल्यापासून आणि नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण दिले. युनियनला मान्यता देण्याची मालकावर सक्ती मात्र त्यात नव्हती. ती आणणारी 1947 ची दुरुस्ती मंजूर झाली, पण कधीच अमलात आली नाही. महाराष्ट्राने 1971 मध्ये स्वतंत्र कायदा करून, किमान 30 टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयामार्फत मान्यता मिळवण्याची वाट खुली केली. देशभर तशी सोय नव्हती.

त्याचा परिणाम त्याच मद्रासजवळ पुन्हा दिसला. श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातल्या हजाराहून अधिक कामगारांनी 9 सप्टेंबर 2024 पासून 37 दिवस संप केला. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती सीटू या कामगार महासंघाशी संलग्न युनियनच्या मान्यतेची. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ नको, अशी हरकत कंपनीने घेतली. नोंदणी जानेवारी 2025 मध्ये झाली. त्याआधीच कंपनीने कामगार समितीशी वेगळा करार करून टाकला होता. तिकडे दक्षिण कोरियात याच उद्योगसमूहाचे प्रमुख ली जे-योंग यांनी मे 2020 मध्ये युनियनविरोधी धोरण सोडण्याचे जाहीर वचन दिले होते.

आसपासच्या कारखान्यांपेक्षा जास्त पगार देतो, मग बाहेरचे पुढारी कशाला, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. बिनीही कामगारकल्याणासाठी नावाजलेली होती आणि 1922 मध्ये तिने गिरणीत स्वतःची कल्याण समिती नेमली. पण समितीच्या ज्या सभासदाची नोकरी मालकाच्या हाती आहे, तो मालकाला किती वेळा नाही म्हणेल? बाहेरच्या माणसाला कामावरून काढता येत नाही, हाच त्याचा उपयोग. शिवाय 2001 च्या दुरुस्तीने अशा बाहेरच्यांना पदाधिकाऱ्यांत एकतृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी असेल तेवढीच जागा ठेवली होती.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: युनियन सगळ्या कामगारांची असतेच असे नाही. 1921 च्या पेरंबूरच्या संपात आदि-द्रविड, म्हणजे दलित, कामगार कामावर परतले आणि संप जातीच्या दंगलीत अडकला. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. हा दोष खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे कोणती युनियन आपली हे कामगारांनीच गुप्त मतदानाने ठरवणे. ती निवड मालकाच्या हाती दिल्याने तो दोष जात नाही.

नव्या संहितेत मान्यतेचे कलम आहे, ही जमेची बाजू. पण एकाहून अधिक युनियन असतील तर एकट्याने बोलणी करण्याचा अधिकार हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनलाच मिळतो. कंत्राटी कामगाराचे नाव त्या पटावर नसते, ते ठेकेदाराच्या पटावर असते. एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला मोजायचे आणि दुसऱ्याला नाही, ही तरतूद बदलण्याची मागणी केंद्र आणि राज्य सरकारांकडे आताच लावून धरायला हवी.