बारावीनंतरचं ‘ज्युनिअर कॉलेज’: अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारी पोरं मागच्या दाराने पुढे जातात ती अशी

आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी. प्रवेशाच्या फेऱ्या, कटऑफ आणि क्लासच्या नावाखाली मारलेल्या दांड्या. अमेरिकेत मात्र ज्युनिअर कॉलेज सुरूच होतं बारावी झाल्यावर. दोन वर्षांचं कॉलेज, युनिव्हर्सिटीच्या मानाने कमी फी आणि शेवटी असोसिएट डिग्री. तिथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. बास्केटबॉलवाले या सगळ्या प्रकाराला एकाच शब्दात ‘जुको’ म्हणतात.

आता हे जुको म्हणजे काय चीज आहे, ते जिमी बटलरवरून कळतं. टेक्ससमधल्या टॉमबॉल गावचा हा पोरगा शाळेत चांगला खेळायचा, पण मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी त्याला विचारलं नाही. मग त्याने २००७ ला टायलर ज्युनिअर कॉलेज गाठलं. एक सीझन खेळला, मॅचला सरासरी १८ पॉइंट्स काढले आणि मार्क्वेट युनिव्हर्सिटीने उचलला. २०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, म्हणजे ३० वा नंबर त्याचा लागला. त्याच बटलरने पुढे मायामी हीटला २०२० आणि २०२३ अशी दोनदा फायनलला नेलं.

डेनिस रॉडमन तर त्याच्याही पुढचा. शाळा संपल्यावर तो डॅलसच्या एअरपोर्टवर साफसफाईचं काम करत होता. उंची वाढली ती नंतर. मग टेक्ससमधल्याच एका छोट्या ज्युनिअर कॉलेजात थोडे दिवस खेळला, तिथून ओक्लाहोमातल्या एका युनिव्हर्सिटीत गेला आणि पुढे एनबीएची पाच विजेतेपदं मिळवली.

अर्थात हे अपवाद आहेत. जुकोतली बहुतेक पोरं एनबीएच्या आसपासही पोचत नाहीत. त्यांचं ध्येय साधं असतं, दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात स्कॉलरशिप मिळवायची आणि डिग्री घ्यायची. खरा खेळ इथेच आहे.

तर निवड होते कशी?

जुकोमध्ये प्लेअर जास्तीत जास्त दोन सीझन खेळतो. म्हणजे १५ जणांची टीम धरली तर दरवर्षी साधारण सात-आठ जागा रिकाम्या होतात. त्यामुळे इथला कोच कायम माणसं शोधत असतो. मोठ्या युनिव्हर्सिट्यांची नजर नववी-दहावीतल्या पोरांवर असते, जुकोचा कोच मात्र मार्चमध्ये सीझन संपला की खरा कामाला लागतो. एप्रिल, मे, अगदी ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंत जागा भरल्या जातात. बारावीच्या मार्चमध्ये एकही ऑफर नाही म्हणून रडत बसलेल्या पोराला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

मात्र या कोचकडे देशभर फिरायला पैसा नसतो. त्यामुळे सुरुवात प्लेअरलाच करावी लागते. मेलमध्ये उंची, वजन, पोझिशन, शाळा कधी संपणार, मार्क किती आणि शाळेच्या कोचचा नंबर. सोबत तीन-चार मिनिटांचे हायलाइट्स आणि एका अख्ख्या मॅचचा व्हिडिओ. हा अख्खा व्हिडिओ महत्त्वाचा. हायलाइट्समध्ये सगळेच डंक मारतात, पण बॉल हातातून गेल्यावर पोरगा डिफेन्सला पळत मागे येतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, ते पूर्ण मॅचमध्येच दिसतं. आणि हो, मेल पोराने स्वतः लिहावा. बाबांनी लिहिलेला मेल लगेच ओळखू येतो.

‘फुल राइड’ म्हणजे नक्की किती?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. बहुतेक ज्युनिअर कॉलेजांचे खेळ एनजेसीएए ही १९३८ साली स्थापन झालेली संघटना चालवते. तिच्यात बास्केटबॉलचे तीन डिव्हिजन आहेत. पहिल्या डिव्हिजनचं कॉलेज फी, राहणं, जेवण, पुस्तकं असं सगळं देऊ शकतं. दुसऱ्यात फी आणि पुस्तकं मिळतात, राहण्या-जेवणाचं तुमचं तुम्ही बघायचं. तिसऱ्यात खेळाची स्कॉलरशिपच नाही. ‘देऊ शकतं’ हा शब्दही नीट वाचा, कारण पहिल्या डिव्हिजनमध्येही प्रत्येकाला पूर्ण स्कॉलरशिप मिळेलच असं नाही.

कॅलिफोर्नियाची तर गोष्टच वेगळी. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांची स्वतंत्र संघटना आहे आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये आलेली ‘लास्ट चान्स यू: बास्केटबॉल’ ही सिरीज ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेज आणि कोच जॉन मोझली आठवत असतील. ती पोरं स्कॉलरशिपशिवायच घाम गाळत होती.

ऑफर पक्की झाली की ‘लेटर ऑफ इंटेंट’वर सही होते. हा करार एका शैक्षणिक वर्षाचा असतो, १ ऑगस्ट ते पुढच्या वर्षीची ३१ जुलै. दोन वर्षांचा नाही. सही केल्यावर एनजेसीएएच्या दुसऱ्या कॉलेजात जाता येत नाही, पण चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीचं बोलावणं आलं तर हे पत्र आड येत नाही. सही करण्याआधी कोचला थेट विचारावं, माझ्या पोझिशनवर आणखी किती जण घेतलेत? आणि गेल्या दोन वर्षांत इथून किती जण चार वर्षांच्या कॉलेजात गेले? यावर गोलमोल उत्तर आलं तर समजून जायचं.

गर्दी का वाढली?

पूर्वी जुकोत मुख्यतः मार्क कमी पडलेली किंवा कुणाच्या नजरेत न आलेली पोरं यायची. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे मोठ्या युनिव्हर्सिटीतले प्लेअर लगेच दुसरीकडे जाऊन खेळू शकतात. मग कोच म्हणतो, १८ वर्षांच्या पोराला शिकवत बसण्यापेक्षा २२ वर्षांचा तयार प्लेअर घेऊ. शाळेतून येणाऱ्यांच्या जागा घटल्या आणि ती पोरं जुकोकडे वळली.

त्यात आणखी एक भानगड आहे. जुकोत खेळलेली वर्षं मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या चार सीझनमधून वजा होतात. अमेरिकन फुटबॉलचा डिएगो पाविया जुकोतूनच वर आला होता, तो यावर कोर्टात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या प्लेअर्सना २०२५-२६ साठी एक वर्ष वाढवून दिलं. पण ती सूट त्या वर्षापुरती होती. नियम अजून पुसला गेलेला नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर जुकोत प्रवेश सोपा आहे, शाळा पूर्ण केली की झालं. बाहेर पडणं अवघड. डिव्हिजन वनला जायचं तर पुढे धरले जाणारे विषय घेऊन २.५ जीपीए लागतो. खेळ फिट आणि क्रेडिट अनफिट, म्हणून अडकलेले प्लेअर कमी नाहीत.

आपल्याकडचं कुणी जाऊ शकतं का?

जाऊ शकतं, पण हिशोब वेगळा आहे. टेक्सस किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या पोराला घरचं उत्पन्न कमी असेल तर सरकारी पेल ग्रँट मिळू शकते. पुण्या-नागपुरातून जाणाऱ्याला ती नाही. त्याला एफ-१ व्हिसा लागतो आणि त्यासाठीचा आय-२० फॉर्म कॉलेज तेव्हाच देतं, जेव्हा पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार हे कागदावर दिसतं. स्थानिकांना स्वस्त पडणारं कॉलेज परदेशी विद्यार्थ्याकडून कितीतरी जास्त फी घेतं, म्हणून ‘फक्त फी माफ’ आणि ‘सगळं माफ’ यातला फरक इथे लाखांत जातो. त्यात कॅम्पसबाहेर नोकरी करायला परवानगीशिवाय बंदी.

याच काळजीचा फायदा घेऊन ‘हमखास स्कॉलरशिप’ विकणारे एजंट भेटतात. पण प्लेअरला टीममध्ये घ्यायचे पैसे कोच मागत नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर स्टाफच्या पानावर कोचचा मेल आयडी असतो, आणि मेल पाठवायला पैसे लागत नाहीत.