चिखल कुठला?

(छोट्या प्रमाणातले रणगाडे : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात अस्तर, मूळ हिरवा रंग आणि डिकल इथवर आपण आलो. मॉडेल आता स्वच्छ आणि एकसारखे दिसते, पण त्यात जीव नाही. पुढचे काम त्याला वापरातला रणगाडा करण्याचे, आणि चांगली जोडलेली मॉडेल्सही इथेच बिघडतात. बहुतेक जण रणगाडा ‘जुना’ करायला निघतात. तो कुठे, कोणत्या महिन्यात, कशातून चालला हे ठरवतच नाहीत. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तयार हवे : याच्या पट्ट्यांत अडकलेला चिखल कुठला?

आपल्यासमोर आहे १:३५ प्रमाणातला सेंच्युरियन. तो आपण पूना हॉर्स या रेजिमेंटचा करतो आहोत, १६ डिसेंबर १९७१ रोजीचा, भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतला. त्या दिवशी ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून लढताना सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले. रणगाड्याला आग लागल्यावरही त्यांनी तो सोडला नव्हता. पुण्यात जन्मलेला हा अधिकारी तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. कुणाचा रणगाडा आपण रंगवतो आहोत याचे भान असले की मनाला येईल तसे डाग टाकायला हात धजत नाही.

नगरचे रणगाडा संग्रहालय मॉडेलकाराने पाहायलाच हवे. व्हॅलेंटाइन, चर्चिल, पॅटन यांच्याभोवती फिरताना पत्र्याची जाडी, जोडाच्या शिवणी, ओतीव टरेटचा खरबरीतपणा डोळ्यांत भरतो. रंगासाठी मात्र त्यावर विसंबू नका. उघड्यावरचा रणगाडा टिकवायचा तर तो पुन्हापुन्हा रंगवावाच लागतो, आणि तो रंग जतनाचा असतो, लढाईचा नव्हे. आकार तिथून घ्या. रंगछटा ठरवण्यासाठी हवामान आणि माती पाहा.

बसंतर ही रावीची उपनदी. शकरगढचा तो सगळा भाग पंजाबच्या गाळाचा. तिथला चिखल ओला असताना करडा-तपकिरी, वाळला की फिकट पिवळसर राखाडी. राजस्थानची वाळू इथे चालणार नाही, नगरकडची काळी मातीही नाही, आणि आपल्या वसईच्या मिठागरांचा काळसर चिखल तर नाहीच. काही जण खरी माती चाळून लावतात. त्यांनी एक हिशेब करून पाहावा : वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:३५ प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. धूळ म्हणून तो कधीच शोभत नाही. शिवाय भुईगावच्या किंवा सुरुचीच्या किनाऱ्यावरची वाळू आणली तर तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढत राहील. धुळीसाठी अगदी बारीक पिगमेंट किंवा कोरड्या चित्रखडूची वस्त्रगाळ पूडच वापरावी, तीही नाकाला मास्क लावून.

आता गंजाचे. वसईतल्या होळीच्या बाजारातून पाचूबंदराकडे गेलात की गंजाचा उत्तम वर्ग भरलेला दिसतो. होड्यांचे नांगर, साखळ्या, बोल्ट जरा निरखून पाहा. ताजा गंज नारिंगी असतो, मुरलेला गडद तपकिरी, जवळजवळ काळा. बोल्टखालून निघालेला ओघळ वर दाट असतो आणि खाली जाता जाता विरतो. हे डोळ्यांनी टिपा, पण जसेच्या तसे सेंच्युरियनवर उतरवू नका. खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या लोखंडाचा हा गंज आहे. रोज हात फिरणाऱ्या, युद्धावर निघालेल्या रणगाड्याच्या जाड चिलखतावर तो असा नसतो. सेंच्युरियनवर गंजाला खरी जागा मागच्या फेंडरवरच्या सायलेन्सरची. तिथला पातळ पत्रा तापतो, रंग जळतो आणि लोखंड उघडे पडते. पट्ट्यांवर गंज चढतो खरा, पण जमिनीला घासणारा भाग चालता चालता लख्ख होतो. तिथे मऊ शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळली की पोलादाची चमक येते, चंदेरी रंगाने येत नाही.

सांध्यांतली सावली, म्हणजे वॉश, हा या आठवड्याचा मुख्य धडा. त्यासाठी परदेशी बाटलीच हवी असे नाही. कॅम्लिनच्या तैलरंगाची बर्न्ट अंबरची एक नळी कित्येक मॉडेल्सना पुरते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेली ही कंपनी, आणि तिचा तारापूरचा कारखाना आपल्याच पालघर जिल्ह्यातला. रंग आधी जाड पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चकाकत नाही. मग तो मिनरल टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करा. मॉडेलवर चकचकीत अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचा थर असला पाहिजे. त्यावर वॉश सांध्यांतून आपोआप पळतो. बारीक ब्रशचे टोक रिव्हेटच्या कडेला टेकवायचे, बस्स. सगळ्या अंगाला फासायचा नाही. टर्पेंटाइनची तळी साचू दिलीत तर ताणाखालचे प्लॅस्टिक तडकू शकते.

सावली गडद तपकिरी असावी, काळी नको. आपण मॉडेल साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. १:३५ प्रमाणात हे अंतर साडेदहा मीटर होते. इतक्या लांबून खऱ्या रणगाड्याच्या फटीही कोळशासारख्या दिसत नाहीत. याच कारणाने गेल्या वेळी मूळ हिरव्यात थोडा फिकट पिवळसर रंग मिसळायला सांगितला होता.

रंगाच्या पोपड्यांबाबतही मोजपट्टी जवळ ठेवा. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा. स्पंजच्या तुकड्याने ठिपके उमटवताना रंग आधी कागदावर जवळजवळ संपवा, आणि जिथे बूट आणि हात लागतात तिथेच ते करा : झाकणांच्या कडा, चढायची जागा, अवजारांच्या पेट्या. तोफेच्या नळीवर मधोमध पोपडे मला अजिबात पटत नाहीत. तिथे कोण पाय देणार?

धूळ सर्वांत शेवटी, मॅट वॉर्निश वाळल्यावर. चाकांपाशी दाट, टरेटकडे विरळ. ओला चिखल फक्त खालच्या भागात, कारण डिसेंबरात नदीचे पात्र ओलांडून आलेल्या रणगाड्याचे पोट भिजलेले असते आणि माथा कोरडाच राहतो.

वसईकरांसाठी एक वेगळी सूचना. पावसाळ्यात लॅकर किंवा वॉर्निश फवारू नका. थर वाळताना दमट हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढुरकी झाक धरते. महिन्याचे काम एका फवाऱ्यात जाते. जून ते सप्टेंबर जोडणी आणि ब्रशकाम करा. एअरब्रश बाहेर काढा तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.

पुढच्या लेखांकात रणगाड्याखालची जमीन : गाळाची शेतं, ठिसूळ काठ आणि त्यावर उमटलेली पट्ट्यांची खूण.