काचेची ज्योत आणि घरातली हवा

मागच्या एका एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेले, की शनिवारी मी गॅरेजमध्ये बसून काचेचे मणी बनवते. त्यानंतर तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं, "टॉर्च कुठला घेऊ?" टॉर्चचं सांगते, पण नंतर. त्याआधी एक प्रश्न आहे आणि तो मीही सुरुवातीला विचारला नव्हता: ज्योत पेटल्यावर तुमच्या घरातली हवा कुठून येणार आणि कुठे जाणार?

माझं काम एरोसोलवर आहे. म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. लॅबमध्ये फ्यूम हूडशिवाय मी साधं ॲसिटोनही ओतत नाही. तरीही घरी मी जी चूक केली, ती हवेच्याच बाबतीत केली. म्हणून हा लेख.

नोव्हेंबरमधली एक दुपार

आम्ही अपस्टेट न्यू यॉर्कमध्ये भाड्याच्या घरात राहतो. गॅरेज घराला चिकटून आहे आणि दोघांच्या मध्ये एक छोटी खोली आहे. तिथे गॅसवर चालणारा वॉटर हीटर आहे. मी घरमालकाची परवानगी घेतली, टेबलावर हूड बसवला, जोरदार एक्झॉस्ट फॅन लावला. सगळं हिशेब करून. उन्हाळाभर गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून काम केलं, काही त्रास नाही.

दिवाळीला आई आली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर अचानक थंडी पडली. मी गॅरेजचं दार पूर्ण बंद केलं, फॅन चालू केला आणि कामाला बसले. तासाभराने चहा घ्यायला आत गेले तर आई स्वयंपाकघरात डोकं धरून बसलेली. "अगं, डोकं जड झालंय. थंडीने असेल. तू तुझं चालू दे."

माझ्या बेंचवर कार्बन मोनॉक्साइडचा एक छोटा मीटर असतो. तो १ किंवा २ पीपीएमच्या वर कधी गेला नव्हता. काय वाटलं कुणास ठाऊक, मी तो उचलून स्वयंपाकघरात आणला. ४१. पॅसेजमधला अलार्म मात्र गप्प.

आईला स्वेटर आणि चपला घालून बाहेर काढलं आणि ९११ला फोन केला. फायर ब्रिगेडची माणसं आली, त्यांनी सगळं मोजलं, आईला तपासलं, वॉटर हीटर बंद केला. आई ठीक होती. दुसऱ्या दिवशी आलेल्या टेक्निशियनने हीटरच्या वरच्या धुराड्यापाशी धूर धरला आणि मला फॅन चालू करायला सांगितलं. एरवी वर जाणारा धूर उलटा फिरून खोलीत यायला लागला.

माझ्या टॉर्चचा धूर अगदी नीट बाहेर जात होता. घरात भरत होता तो वॉटर हीटरचा धूर, आणि त्याला आत ओढत होता माझा फॅन.

फॅन हवा बनवत नाही

हे समजायला सोपं आहे. फॅनने मिनिटाला ८०० घनफूट हवा बाहेर टाकली, तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच हवी. दार-खिडकी उघडी असेल तर ती तिथून येते. सगळं बंद असेल तर घरातला दाब किंचित कमी होतो आणि हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. जुन्या पद्धतीच्या गॅस हीटरचं धुराडं ही तशीच एक मोठी फट आहे. गरम धूर हलका असल्यामुळे आपोआप वर जातो, पण ती ओढ फार नाजूक असते. मोठ्या फॅनपुढे ती हरते. धूर खोलीत साचला की हीटरला ताजा ऑक्सिजन कमी मिळतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो.

म्हणून एक्झॉस्ट जेवढा महत्त्वाचा, तेवढीच आत येणारी हवा महत्त्वाची. ८०० घनफुटांसाठी साधारण ४ चौरस फूट उघडी जागा असली, तर हवा मिनिटाला २०० फूट वेगाने येते. हा आपल्या सावकाश चालण्याचा वेग झाला. उघडी जागा तुमच्या पाठीमागे असावी, म्हणजे स्वच्छ हवा आधी तुमच्याकडून आणि मग ज्योतीवरून हूडमध्ये जाईल. थंडी वाजेल. माझ्या गॅरेजमध्ये ३,२०० घनफूट हवा आहे. ती दर चार मिनिटांनी बदलते, म्हणजे गरम ठेवायचा प्रश्नच नाही. मी जाड मोजे घालून बसते. फारच गारठा असेल त्या दिवशी टॉर्च पेटवत नाही.

ज्योतीतून काय बाहेर पडतं

मणी बनवायच्या टॉर्चमध्ये प्रोपेन आणि ऑक्सिजन जळतात. तापमान सुमारे २,८०० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तर निघतातच. ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे ज्योत पिवळट आणि लांबट झाली, की कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तो आपल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. त्याला ना वास, ना रंग.

दुसरा वायू लोकांच्या लक्षातच येत नाही. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाशी बोलत नाही, पण इतक्या उष्णतेत तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांना इजा करतो. वाईट म्हणजे, जास्त मात्रा आत गेली तर खरा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. तोवर तुम्ही जेवून झोपलेले असता. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने यासाठी १५ मिनिटांची मर्यादा १ पीपीएम ठेवली आहे. म्हणजे दहा लाखांत एक भाग. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या वायूला ओळखत नाही.

तिसरी गोष्ट धातूंची. काचेचे रंग धातूंतून येतात: निळ्यासाठी कोबाल्ट, भडक पिवळ्या-लाल रंगांसाठी अनेकदा कॅडमियम. काचेत बंद असताना ते शांत असतात. कांडी ज्योतीत इतकी तापवली की ती उकळायला लागली, किंवा चांदीची वाफ काचेवर बसवायची हौस केली, की धातूचा धूर निघतो. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात संशोधकांनी झाडांवरच्या शेवाळाचे शेकडो नमुने तपासले होते. त्यातून कॅडमियमचं जास्त प्रमाण रंगीत काचेच्या कारखान्याच्या परिसरात सापडलं. तुमचं गॅरेज म्हणजे कारखाना नाही, हे खरं. पण तुमचं नाक ज्योतीपासून दीड फुटावर असतं.

हूडचा हिशेब

"मी खिडकी उघडतो की" किंवा "बाथरूमसारखा फॅन लावते", ही दोन उत्तरं मला नेहमी मिळतात. बाथरूमचा मोठा फॅन मिनिटाला ११० घनफूट हवा काढतो असं धरू. माझ्या गॅरेजमधली हवा एकदा बदलायला त्याला जवळजवळ अर्धा तास लागेल. तोवर धूर तुमच्या चेहऱ्यावरून जाऊन खोलीभर पसरलेला असेल. खोलीची हवा बदलण्याआधी धूर उगमापाशी पकडायचा असतो.

लॅबमधल्या फ्यूम हूडच्या तोंडाशी हवेचा वेग साधारण मिनिटाला १०० फूट ठेवतात. घरी तोच आकडा धरा. टेबलाभोवती वर, मागे आणि दोन्ही बाजूंना पत्रा लावून पेटी करा. समोरची उघडी जागा ४ फूट रुंद आणि २ फूट उंच असेल तर ८ चौरस फूट. गुणिले १००, म्हणजे मिनिटाला ८०० घनफूट. बाजू बंद केल्या नाहीत तर आकडा बराच वाढतो. म्हणून पत्र्यावर खर्च करा, फॅन लहान लागेल.

आता फसवणूक कुठे होते ते बघा. फॅनच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं आणि जाळी लावली की तो घटतो. तितकीच हवा ८ इंची पाइपाऐवजी ६ इंची पाइपातून ढकलायची म्हटली तर विरोध साधारण चौपट होतो. पाइप धातूचा, आतून गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांचा हवा. फॅन शक्यतो बाहेरच्या टोकाला बसवा. मग घरातल्या पाइपात दाब कमी राहतो आणि सांध्यात फट असली तरी धूर घरात येत नाही. आणि पाइपाचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको.

हे सगळं चालतंय का, हे कसं तपासायचं? महागड्या उपकरणाची गरज नाही. उदबत्ती लावा. टॉर्च पेटवायच्या आधी, प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद असताना, ती हूडच्या कडेकडेने फिरवा. धूर सरळ आत जायला हवा. मग फॅन चालू ठेवूनच वॉटर हीटरच्या धुराड्यापाशी धरा. हीटर पेटलेला असू द्या. धूर वर ओढला गेला पाहिजे. आई आता याला "गॅरेजची पूजा" म्हणते. ऋतू बदलला, दार-खिडकीची व्यवस्था बदलली, की मी ही पूजा पुन्हा करते.

अलार्म का गप्प होता

कारण तो त्याच्या नियमाप्रमाणे वागत होता. अमेरिकेतल्या घरगुती अलार्मच्या यूएल २०३४ या मानकानुसार ७० पीपीएमला अलार्म एक ते चार तासांत वाजायला हवा, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. आमच्याकडे आकडा ४१ होता. हे अलार्म जीव वाचवायला बनवलेले असतात, आईची डोकेदुखी ओळखायला नाही. अलार्म असायलाच हवा. सोबत कमी आकडे दाखवणारा मीटर घ्या, आणि तो बेंचवर ठेवून समाधान मानू नका. घरातली बाकीची माणसं जिथे असतात तिथेही फिरवा.

सिलिंडर, डोळे, धूळ

आपण सगळे स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरसोबत वाढलो. त्यामुळे घरात सिलिंडर ठेवण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. इथे मात्र बार्बेक्यूचा २० पाउंडांचा प्रोपेन सिलिंडर घराबाहेरच ठेवायचा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि हवेत फक्त २ टक्क्यांच्या आसपास झाला तरी पेट घेऊ शकतो. बेसमेंट म्हणजे तर त्याच्यासाठी वाडगाच. नळी प्रोपेनला चालणारी, टी ग्रेडची घ्या, प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासा, फ्लॅशबॅक अरेस्टर लावा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. पेटवताना आधी प्रोपेन, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग प्रोपेन. काम झालं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आपली आई रात्री बंद करायची तसाच.

काच तापली की सोडियमचा झगझगीत पिवळा उजेड दिसतो. डिडिमियमचे चष्मे तो कापतात, म्हणून काम स्पष्ट दिसतं. पण ते इन्फ्रारेड किरणांपासून फारसं रक्षण करत नाहीत. काच फुंकणाऱ्या कारागिरांना होणारा मोतीबिंदू डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बोरोसिलिकेट काच किंवा मोठं काम करणार असाल तर इन्फ्रारेड अडवणारा, गडद शेडचा चष्मा घ्या. काचेची भुकटी, एनॅमल किंवा मण्याच्या सळीवरचा लेप सुकल्यावर उडतो. तो झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. एन९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. हूडची जागा मास्क घेऊ शकत नाही.

हिरव्या चुड्याचा सांधा

लग्नातला हिरवा चुडा हातात धरून नीट बघा. साध्या काचेच्या बांगडीवर एक बारीकसा सांधा सापडेल. भारतातल्या काचेच्या बांगड्यांचं सर्वांत मोठं केंद्र उत्तर प्रदेशातलं फिरोझाबाद. तिथे बांगडीची दोन टोकं छोट्या ज्योतीवर जोडायचं काम कितीतरी घरांमध्ये, बहुतेक बायका, जमिनीवर बसून करतात. पंखा लावला तर ज्योत हलते, म्हणून पंखा बंद. तीही घरातलीच काचशाळा आहे, फक्त तिथे हूड नाही, मीटर नाही आणि "आज थंडी आहे, नको" म्हणायची सोय नाही. माझ्याकडे हे सगळं असून मी एका दुपारी दार लावून घेतलं.

आता टॉर्चचं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कुठलाच घेऊ नका. बऱ्याच शहरांत काचेचे स्टुडिओ तासावर टॉर्च वापरायला देतात. तिथे शिका, तिथेच बनवा. घर असेल, तर आधी भाडेकरार, विमा आणि गावाचे नियम वाचा. ऑक्सिजनची नळी अमेरिकेत हिरवी आणि ब्रिटनमध्ये निळी, एवढ्या साध्या गोष्टीही देशागणिक बदलतात. मग हूड, मग आत येणारी हवा, मग मीटर, मग उदबत्ती. इतकं झाल्यावर साधा, लहान टॉर्च पुरतो.

आम्ही तो वॉटर हीटर बदलून घेतला. नवीन हीटर ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बंद पाइपातून थेट बाहेर सोडतो. परवा आईचा व्हिडिओ कॉल आला, मी गॅरेजमध्येच होते. मणी दाखवायला कॅमेरा वळवला, तर तिने आधी विचारलं, "मागचं दार उघडं आहे ना गं?"

उघडं होतं.