अपडेटनंतर ट्रेन सिम्युलेटर अडकतोय? लगेच डिलीट मारू नका

कसबा बावड्यातनं बोलतोय. 'ट्रेन सिम्युलेटर'ची ६४-बिट आवृत्ती २०१८ मध्ये आली. ३२-बिटला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरताच येत नाही. मोठा रूट, वर चार ॲड-ऑन, की गेम बंद. म्हणून स्टीम विचारतं तेव्हा ६४-बिटच निवडा.

तरी लोडिंगला अडकतोय? डिलीट मारायची घाई नको. रात्र-रात्र जागून बनवलेले तुमचे सिनॅरिओ 'रेलवर्क्स'मधल्या 'कंटेंट' फोल्डरमध्ये असतात. तो आधी पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर.

मग कॅशे साफ करा. गेमनं फायलींची जी माहिती साठवून ठेवलेली असते, ती अपडेटनंतर शिळी होते. म्हणजे गेल्या वर्षीचं टाइमटेबल घेऊन मिरजेच्या गाडीची वाट बघण्यातला प्रकार! पुढचं लोडिंग जरा रेंगाळेल, रेंगाळू दे.

त्यानंतर स्टीममधनं फायली तपासून घ्या. बिघडलेल्या, हरवलेल्या तेवढ्याच उतरतात, त्यामुळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. फक्त एक, गेमची मूळ फाइल तुम्ही हातानं बदलली असेल तर तो बदल जातो.

एवढं करूनही बंद पडला, तर गेमसोबत आलेला साधा रूट चालवून बघा. तो नीट पळाला की संशय ॲड-ऑनवर. एकेक काढत जा.