एलीया : राजदरबारातून गरिबाच्या दारापर्यंत

यहुदी धर्मग्रंथांतील संदेष्ट्यांमध्ये एलीयाइतका लोकमानसात रुजलेला दुसरा संदेष्टा क्वचितच आढळेल. धर्मग्रंथातील एलीया आणि लोककथांतील एलीया यांत मात्र मोठे अंतर आहे, व ते अंतरच अभ्यासकाला बरेच काही शिकवून जाते.

इ. स. पू. नवव्या शतकात इस्राएलवर अहाब राज्य करीत होता, तेव्हाचा हा संदेष्टा. ग्रंथातील त्याचे रूप उग्र आहे. बआल देवतेच्या पुजाऱ्यांचा तो कर्मेल पर्वतावर पराभव करतो व त्यांचा वध करवितो. नाबोथ नावाच्या सामान्य माणसाचा द्राक्षमळा हडपण्यासाठी खोट्या साक्षी उभ्या करून त्याला दगडमार करून ठार करण्यात आले, तेव्हा एलीयाने राजाला समोरासमोर जाब विचारला. शेवटी तो अग्निरथातून स्वर्गारोहण करतो. त्याला मृत्यू आला नाही, म्हणून तो परत येईल, अशी श्रद्धा निर्माण झाली.

इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. राज्य गमावलेल्या व देशोदेशी विखुरलेल्या समाजाच्या कथांतून एलीया वेषांतर करून पृथ्वीवर हिंडू लागला. तो कधी भिकारी होतो, कधी वाटसरू. गरिबाला साहाय्य करतो आणि कृपणाला धडा शिकवितो. तालमूदमधील एका कथेत एक धर्मपंडित त्याला बाजारात विचारतो, ‘येथे परलोकाचा अधिकारी कोण?’ एलीया पंडितांकडे बोट दाखवीत नाही. तो दाखवितो एक तुरुंगाधिकारी, जो बंदिवान स्त्रियांचे शील जपतो. आणि दोन विदूषक, जे दुःखितांना हसवितात व भांडणे मिटवितात. श्रेष्ठत्वाची कसोटी येथे विद्वत्ता नसून आचरण आहे.

धार्मिक कलेतही लोककथेने आपले स्थान मिळविले. सीरियातील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉग १९३२ साली उत्खननात उघडकीस आले. तेथील भित्तिचित्रे इ. स. २४४-४५ च्या सुमाराची असून आता दमास्कसच्या संग्रहालयात आहेत. विधवेच्या मृत पुत्राला एलीया जिवंत करतो, हे त्यांतील एक दृश्य. दुसऱ्या चित्रात बआलच्या वेदीत हिएल नावाचा मनुष्य लपला असून सर्प त्याला दंश करीत आहे. गुपचूप आग लावून चमत्काराचा आभास निर्माण करणे, हा त्याचा बेत. कर्मेलच्या मूळ वृत्तांतात हा प्रसंग नाही. तो लोककथेतून आला.

घराघरांतील विधींतही एलीया उपस्थित असतो. वल्हांडण सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरून ठेवतात व दार उघडतात. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी स्वतंत्र खुर्ची मांडली जाते.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर त्याला नवसाला पावणारा मानले. त्याच्या स्मरणार्थ पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ केला जातो. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. मलिद्याची प्रथा त्यांनी तेथेही जपली.

खडकावरील खुणा वा अग्निरथ यांची ऐतिहासिकता सिद्ध करता येणार नाही. परंतु लोकांनी आपल्या संदेष्ट्याला कोणत्या रूपात जपले, हे इतिहासाचेच सत्य होय. पुजाऱ्यांचा वध करविणारा एलीया मागे पडला; नाबोथासाठी राजापुढे उभा राहिलेला एलीया मात्र गरिबाच्या दारी येत राहिला.