कोण ऐकतंय, हे रेडिओला कळतं कसं?

रेडिओ केंद्रात निवेदक बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बोलत असतो. त्याचा आवाज प्रक्षेपकातून निघून गावोगाव पोचतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, प्रक्षेपकाला वीज तेवढीच लागते. घरातला रेडिओ लहरी टिपतो, पण उलट काहीच कळवत नाही. नाटकवाल्याला टाळ्या ऐकू येतात, वर्तमानपत्राला न खपलेल्या प्रती मोजता येतात. रेडिओवाल्याच्या हाती काही म्हणता काही लागत नाही. तरीही कोणत्या वेळी कोण ऐकतं आणि कुठे कंटाळतं, याचा बऱ्यापैकी अचूक हिशेब मांडता येतो. हे घडतं कसं?

सगळ्यांत जुना मार्ग पत्रांचा, आणि सगळ्यांत फसवाही तोच. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं झुमरी तिलैया हे आजच्या झारखंडमधलं छोटं गाव. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीकडे तिथून फर्माइशींची एवढी पोस्टकार्डं जात, की गावाचं नाव देशभर लोकांच्या तोंडी झालं. पण नुसत्या पत्रांच्या ढिगावरून अंदाज बांधला असता, तर अख्खा हिंदुस्थान झुमरी तिलैयातच राहतो असं वाटलं असतं! पत्र लिहिणारा श्रोता म्हणजे सगळे श्रोते नव्हेत. ज्याला लिहिता येत नाही, किंवा जो काम करता करता ऐकतो, तो या ढिगात सापडतच नाही.

मग आपणच श्रोत्याकडे जायचं. जाहिरातीच्या धंद्यातून 1936 साली बीबीसीत आलेल्या रॉबर्ट सिल्वी यांनी हेच केलं. डिसेंबर 1939 पासून, म्हणजे ऐन युद्धात, त्यांची माणसं रोज सुमारे 800 लोकांना गाठून विचारू लागली : काल काय ऐकलंत? ‘तुम्ही सहसा काय ऐकता?’ असं विचारलं, की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो, आणि त्यात बातम्या नि शास्त्रीय संगीत हमखास येतं. ‘काल’ म्हटलं की त्याला दिवस आठवावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात कालच्या कार्यक्रमांची यादी असे. सकाळपासून रात्रीपर्यंत एकेक कार्यक्रम घेत तो माणसाच्या आठवणीला वाट दाखवी.

ऐकलं हे कळलं, पण आवडलं का? त्यासाठी पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी अमेरिकेत 1930च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र बनवलं. श्रोत्याच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्यात लाल. आवडलं तर हिरवं दाबायचं, नावडलं तर लाल, काहीच वाटलं नाही तर दोन्ही सोडून द्यायची. तिकडे सरकत्या कागदावर रेघा उमटत. कार्यक्रमातल्या नेमक्या कोणत्या विनोदाला हिरवी बटणं दाबली गेली आणि कोणत्या भाषणाला लाल, हे कागदावर दिसे. या यंत्राचं लाडकं नाव ‘लिटल अ‍ॅनी’.

पुढे आठवणीलाही बाजूला सारलं गेलं. अमेरिकेत आज काही श्रोते खिशात मावेल एवढं उपकरण बाळगतात. रेडिओ केंद्र आपल्या आवाजातच एक संकेत मिसळतं. ढोलताशाच्या दणदणाटात शेजारच्याची कुजबुज हरवते, तसा तो संकेत मोठ्या आवाजाआड लपतो. कानाला तो कळत नाही, उपकरण मात्र टिपतं. ही पद्धत आली तेव्हा गंमत झाली. आधी श्रोते वहीत नोंदी करत. वहीत केंद्रं थोडी दिसायची आणि ऐकण्याचा वेळ लांबलचक. उपकरणाने दाखवलं, की माणूस बरीच केंद्रं ऐकतो, पण प्रत्येक थोडा थोडा वेळ. वहीत उतरत होती ती आवड आणि सवय. पण उपकरणाची कथाही अर्धीच. दुकानात कुणाचा तरी रेडिओ चालू असला, तरी ते नोंद करतं. कानावर पडलं ते डोक्यात शिरलं का, हे त्याला कुठून कळणार?

त्याचं उत्तर शोधण्याचा एक देखणा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोत्यांची मंडळं उभारली. आठवड्यातून दोनदा, असे 20 कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर बोलत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत येत. तपासणीचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ त्यात होते. त्यांनी मंडळांच्या गावांशेजारी तुलनेला आणखी गावं घेतली : काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना शेती, आरोग्य अशा विषयांवर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांतली माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फरक थोडाच पडला.

कार्यक्रम तोच, लहरी त्याच. फरक घडवला तो ऐकल्यानंतर झालेल्या बोलण्याने. म्हणून नवा कार्यक्रम आखणाऱ्याने ‘तुम्हाला काय आवडतं?’ हे खुशाल शेवटी विचारावं. त्याआधी विचारावं : काल या वेळी तुम्ही काय करत होतात, तुमच्यासोबत कोण होतं, आणि ऐकलेलं तुम्ही कुणाला सांगितलंत? कार्यक्रमाची वेळ, लांबी आणि विषय ठरवायला सुरुवात इथूनच होते.