आठ दिवसांत उजळणारा चेहरा

घाटघरच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की तोंडावरच्या वांगाचा विषय हमखास निघतो. उन्हात हिरडा वेचायचा, शेतात राबायचं, मग वांग यायचेच. गरोदरपणात आणि पाळणा लांबवायच्या गोळ्यांनीही येतात. मग कुणीतरी 'हर्बल' क्रीमची डबी काढते. म्हणते, आठ दिवसांत फरक!

त्या आठ दिवसांचीच आम्हाला भीती वाटते. अकोल्यातली बातमी २०२३ साली पेपरात आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरं करणारी क्रीम लावत होत्या. तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्यामुळे कातडीत रंग तयार होत नाही, म्हणून तोंड उजळतं. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तोंडाला, पायांना सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डबी घेऊनच दवाखान्यात जा.

डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, घटक, बॅच नंबर नसेल तर पैसे घालवू नका. स्टेरॉइडच्या ट्यूबनेही आधी उजळतं, नंतर कातडी पातळ आणि लाल होते. ती लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच सोडा.

हळद-साय, डाळीचं पीठ खुशाल लावा. कातडी मऊ होईल, वांग मात्र जाणार नाहीत. लिंबू चोळून उन्हात गेलात तर उलट काळे डाग पडतात. त्यापेक्षा पदर कपाळावर पुढे ओढा. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे वांग काही महिन्यांत आपोआप फिके होतात.